छपराखालचा उकिरडा

12 एप्रिल 2025
उकिरडा उपसायला घेतला. वरचा हातभर थर वाळून खपल्या झालेला, त्याखाली भुसभुशीत तपकिरी, आणि आणखी खाली गेल्यावर काळा, चिकट, नाकाला पदर लावायला लागेल असा लगदा. ट्रॅक्टरवाल्या पोराला तो काळा थर बघून आनंद झाला, "काकू, खरं खत इथं आहे." रंगावर जाऊ नये. पाणी साचून जिथं हवा पोचत नाही तिथं शेण नुसतं सडत राहतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. पुरतं कुजलेलं खत हातात चुरतं, हाताला चिकटत नाही आणि त्याला घाण वास राहत नाही.

सासऱ्यांनी हा खड्डा खणला तेव्हा दावणीला दोन बैल, एक म्हैस आणि एक गावरान गाय होती. आज चौदा संकरित गाई आहेत आणि खड्डा तेवढाच आहे. संगमनेर तालुक्यात आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली सापडतील. दूध वाढलं, संकलन केंद्रं वाढली, चाऱ्याचे ट्रक बाहेरून येऊ लागले. त्या चाऱ्यातून आलेलं सगळं नत्र, स्फुरद आणि पालाश शेवटी गोठ्याच्या मागे येऊन पडतं, याचा विचार कर्ज घेताना कुणी करत नाही.

13 एप्रिल
काल रात्री वहीत आकडे मांडले. चारशे किलोची गाय दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकते आणि साधारण तितकेच लिटर मूत. कमीत कमी धरलं तरी आमच्या गोठ्यात रोज 210 किलो शेण होतं, वर्षाला 76 टन. कुजून आटून निम्म्याच्या आत आलं असं मानलं तरी तीसेक टन खत. आमची जमीन साडेचार एकर. कृषी विद्यापीठाची शिफारस पिकानुसार हेक्टरी 10 ते 15 टनांच्या आसपास असते, उसाला जास्त. म्हणजे सगळं खत आपल्याच रानात घालायचं म्हटलं तर दरवर्षी काही भाग उरणारच. डाळिंबवाले नेतात म्हणून ठीक. पण ते नेईपर्यंत ठेवायचं कुठं आणि कसं, हा गोठ्याचा खरा प्रश्न आहे.

मुताचा हिशोब वेगळा केला. 210 लिटरमध्ये अर्धा टक्का जरी नत्र धरलं तरी दिवसाला एक किलो झालं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतं. वीस-एकवीस दिवसांना एक गोणी मोरीतून वाहते आणि आपण तेवढीच गोणी दुकानातून आणतो. शेण निदान डोळ्यांना दिसतं म्हणून उचललं जातं. मूत जमिनीत मुरलं की गेलं असं वाटतं. ते जात नाही, विहिरीकडे जातं.

30 एप्रिल, अक्षय्य तृतीया
आज शिवारात जिकडेतिकडे खताच्या ट्रॉल्या. लोक रानात ट्रॉलीमागून ट्रॉली रिकामी करतात, छोटे छोटे ढीग लावतात आणि ते पसरायचं काम पाऊस जवळ आल्यावर करू म्हणून ठेवतात. या उन्हात महिनाभर उघड्या पडलेल्या खतातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. उरतो तो काडीकचरा. शेजारच्या तात्यांना सांगितलं, "आज टाकलं तर आजच पसरा आणि लगेच पाळी घाला." ते म्हणाले, "रोटाव्हेटरवाला मोकळा कुठं आहे?" त्यांचंही खरं आहे. आम्ही दोन ट्रॉल्यांपुरतं रान मोकळं ठेवलं होतं, तेवढं संध्याकाळपर्यंत मातीआड केलं. बाकीचं खत अजून खड्ड्याशेजारी, ढिगात.

17 मे
वळवाच्या दोन सरी झाल्या आणि रात्री कडुनिंबावर भुंगेरे घोंगावायला लागले. हुमणीचेच. मादी जमिनीत अंडी घालते, आणि कच्चं शेणखत मिसळलेली जमीन तिला फार मानवते. पुढं अळ्या उसाची मुळं खातात. मग कीटकनाशक आणायचं आणि तेही त्याच जमिनीत ओतायचं. सकाळी झाडाखाली चादर अंथरून फांद्या हलवल्या, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले. सगळ्या आळीनं एकाच वेळी केलं तर उपयोग होतो.

19 मे
कोकणातून परतलेले धनगर ओढ्यापलीकडे उतरलेत. भाऊजींनी त्यांच्याशी बोलून दोन रात्री मेंढ्या आपल्या कांद्याच्या मोकळ्या रानात बसवल्या. पैसे आणि थोडी बाजरी ठरली. मला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटते. लेंड्या आणि मूत जिथं हवं तिथंच पडतं, वाहतूक नाही, साठवण नाही, आणि खुरांनी ते मातीत तुडवलंही जातं. सकाळी लगेच कुळव फिरवला की काम झालं. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला वर यायचं, असं हे फिरणं पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि वाटेवरच्या रानांना खत मिळत आलं आहे. आता रानं वर्षभर हिरवी राहतात, डाळिंबाला कुंपणं आलीत, मेंढ्यांना बसायला जागा कमी होत चालली. धनगरीण म्हणाली, "बाई, पूर्वी लोक बोलवायला यायचे, आता आम्ही विचारत फिरतो." ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पडीक रान आहे त्यांनी या माणसांना बोलवावं.

26 मे
सगळ्यांची गणितं पावसानं मोडली. केरळात 24 तारखेला आला आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात पोचला. आमच्याकडे आठवडाभर आधीपासून वळीव धरून होताच. रात्रभर कोसळला. सकाळी गोठ्यामागून जाऊन बघितलं तर ढिगाच्या पायथ्यापासून चहाच्या रंगाचं पाणी निघून बांधाच्या कडेनं ओढ्याकडे चाललेलं. तात्यांच्या रानातले न पसरलेले ढीग निम्मे बसलेत. त्यातलं जे विरघळणारं होतं ते आधी गेलं, म्हणजे नत्र आणि पालाश. स्फुरद मातीच्या कणांना धरून गेलं. हे सगळं ओढ्यातून बंधाऱ्यात जातं. मग बंधाऱ्यावर हिरवा तवंग येतो, जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तडफडतात. दरवर्षी आपण जलपर्णी काढायच्या मोहिमा करतो. जलपर्णीला जेवू कोण घालतं ते आज मी डोळ्यांनी बघितलं.

पाऊस थांबल्यावर सगळ्यांनी मिळून ढिगाभोवती हातभर उंचीचा मातीचा बांध घातला, वरून डाळिंबाच्या बागेतला जुना ताडपत्रीचा तुकडा टाकला. घरातल्यांना सांगितलं, यंदा फरशी नको, आधी उकिरड्यावर पत्रे. ढिगावर आभाळातून पडणारं पाणी अडवलं तर ओढ्याचं निम्मं दुखणं तिथंच थांबतं. यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

11 जून
जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलं, त्यात मी आहे. पेटीत रसायनांच्या छोट्या बाटल्या आणि रंगांचा तक्ता असतो. पाऊस लागल्यावर आज गावातल्या विहिरींचे नमुने घेतले. नायट्रेटच्या चाचणीत पाणी गुलाबी होतं; जितकं गडद तितकं प्रमाण जास्त. शाळेजवळच्या विहिरीचं फिकट. वस्तीवरच्या विहिरी, ज्यांच्या चाळीस-पन्नास पावलांवर गोठा आहे, त्यांचं पाणी तक्त्यावरच्या 45 च्या खुणेपलीकडे गेलं. आमची त्यातलीच. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे आणि नायट्रेटच्या बाबतीत तिला सवलत नाही. जिवाणूंच्या चाचणीसाठी बाटल्या भरून ठेवल्या. विष्ठेतले जिवाणू असले तर दोन दिवसांत पाणी काळं पडतं.

सगळा दोष शेणाचा नाही. उसाला आपण ओततो तो युरियाही त्याच विहिरीत पोचतो, आणि शोषखड्ड्यांचं पाणीही. तपासणीत नायट्रेट कुठून आलं ते कळत नाही. पण गोठ्यापासून लांबच्या, उसाच्या मधोमध असलेल्या विहिरीत रंग फिका आणि गोठ्याजवळच्या विहिरीत गडद, हे आज सात-आठ बायकांनी बघितलं. आमच्याकडची जमीन अशी, की वर हात-दोन हात माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. भेगेत शिरलेलं पाणी गाळून निघत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या 35 टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. अहवालातही रासायनिक खतं आणि जनावरांची विष्ठा ही दोन्ही कारणं दिलेली आहेत.

13 जून
बाटली काळी पडली. आमची आणि आणखी चौघांची. सासूबाईंना दाखवली. त्यांनी काही न बोलता पाण्याचा हंडा रिकामा केला आणि शाळेजवळच्या विहिरीवरून पाणी आणायला सुनेला, म्हणजे मला, बरोबर घेऊन निघाल्या. पलीकडच्या वस्तीवर तीन महिन्यांचं बाळ आहे, त्याला पावडरचं दूध देतात. तिथं मी स्वतः जाऊन सांगितलं की त्याचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटनं कमी होते, अंग निळं पडतं.

29 जून
मुलगा सुट्टीला आलाय. कृषी महाविद्यालयात नेदरलँड्सबद्दल शिकवलं ते सांगत होता. एवढासा देश, आणि जनावरं जमिनीच्या मानानं इतकी की शेण हा राजकारणाचा विषय झाला. युरोपात 1991 चा नियम आहे, हेक्टरी जनावरांच्या खतातून 170 किलोपेक्षा जास्त नत्र जमिनीत घालायचं नाही. शिवाय गोठ्यांतला अमोनिया हवेतून जाऊन राखीव रानांवर बसतो. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं नत्राबाबतचा सरकारी कार्यक्रम रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात उतरले. तिथल्या शेतकऱ्याचं मला वाईट वाटतं. आधी बँकेनं आणि सरकारनं गाई वाढव म्हणायचं आणि तीस वर्षांनी कमी कर म्हणायचं.

आपल्या देशाची गोष्ट उलटी दिसते. 2019 च्या पशुगणनेत सव्वाएकोणीस कोटी गाई-बैल आणि जवळजवळ अकरा कोटी म्हशी, तरीही रानांना शेणखत मिळत नाही अशी ओरड. कारण ते एकीकडे साचतं आणि दुसरीकडे नसतं. कितीतरी चुलीत जातं. गोवरी जाळली की त्यातलं नत्र धुरात जातं आणि धूर बायकांच्या छातीत. आमच्या तालुक्यासारखे दुधाचे पट्टे मात्र हळूहळू त्या नेदरलँड्सच्या वाटेला लागलेत. जमीन तेवढीच आणि दर दोन वर्षांनी गोठा लांबतोय.

20 जुलै
उघडीप मिळाली तसं छपराचं काम पुरं झालं. जुने पाईप, जुने पत्रे. खड्डा बुजवून जमिनीच्या वर हातभर उंच ओटा केला, एका बाजूला थोडा उतार, उताराच्या टोकाला सिमेंटची टाकी. गोठ्याची मोरीही तिथंच जोडली. टाकीतलं पाणी दहापट पाणी घालून उसाच्या सरीत सोडायचं. ओट्यावर शेणाचा थर, त्यावर पाचट आणि गव्हाणीतली उष्टावळ, पुन्हा शेण. गाईंच्या पायाखाली आता सुकी माती आणि भुसा टाकतो, ती भिजली की उचलून याच ढिगात.

ही माती टाकायची युक्ती नवी नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसून शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करायची पद्धत बसवली आणि 1931 मध्ये पुस्तक काढलं. इंदूर पद्धत म्हणतात ती हीच. त्यात गोठ्यातली मुतानं भिजलेली माती हा एक महत्त्वाचा घटक होता. जगभर नाव हॉवर्डचं झालं. पुस्तकावर वाडांचंही नाव आहे, ते आपण तरी लक्षात ठेवावं. नंतर पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, भोकं ठेवलेल्या विटांचं टाकं दिलं. शंभरेक किलो शेणात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा आणि माती घालून तीन-चार महिन्यांत खत. ज्याच्याकडे शेण कमी आहे त्याच्यासाठी ते उत्तम. आमचं दुखणं शेण जास्त असण्याचं, म्हणून आम्हाला पाचट शोधत फिरावं लागतं. ज्यांचा ऊस तुटून जातो ते पाचट पेटवतात. तात्यांशी बोलून ठेवलंय, पेटवायच्या आधी आम्हाला हाक मारा.

2 ऑगस्ट
ढिगात लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळानं काढली, हात लावता येईना. आत साठ अंशांच्या आसपास असणार. या उष्णतेत गाजरगवताचं बी मरतं, रोगजंतू आणि माशांच्या अळ्या मरतात. ढीग पालटला की पुन्हा तापतो. पालटायचं काम जड आहे, पण गोठ्यात माशा निम्म्यानं कमी झाल्यात असं दूध काढणारा पोरगा आपणहून म्हणाला.

23 ऑगस्ट
काल पोळा झाला. आज गोबरगॅसवाले मिस्त्री जागा बघून गेले. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण आणि तितकंच पाणी लागतं. सोळा दिवसांत मिळणारा गॅस साधारण एका सिलिंडरइतका. मिथेन पेटवला की त्याचा ताप बराच कमी होतो, आणि बाहेर येते ती स्लरी पिकाला लवकर लागू पडते. पण स्लरीसुद्धा उघड्या खड्ड्यात ठेवली तर तिच्यातलं नत्र उडतं, आणि पावसात तीही वाहते. संयंत्र बसलं म्हणजे काम संपलं असं समजणारे पुष्कळ. स्लरी जिरवायला पाचटाचा खड्डा आणि मोकळं रान हवंच.

मिस्त्रींना मी एकच अट घातली. स्लरीच्या खड्ड्याला जाळीचं झाकण आणि चारही बाजूंनी कठडा. आमच्याच जिल्ह्यात नेवासा तालुक्यात वाकडी गावी, एप्रिल 2024 मध्ये, गोबरगॅसची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं म्हणून एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जीव गेले. अशा खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, आणि माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. कुणी पडलं तर आत उतरायचं नाही. दोर टाकायचा आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. पोरांकडून हे पाठ करून घेतलं. ज्या घरी असा उघडा खड्डा आहे त्यांनी आजच झाकावा.

17 ऑक्टोबर, वसुबारस
संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, बोलणं शेणावरच आलं. शेणकूर बायकांनी करायची, पाटी डोक्यावर बायकांनी न्यायची, आणि गोठा कुठं बांधायचा, उकिरडा किती लांब, हे ठरवायला पुरुष आणि ठेकेदार. म्हणून उकिरडा नेहमी विहिरीच्या बाजूला, कारण पाण्याची सोय तिथं. एकीनं सांगितलं की तिच्या नव्या मुक्त गोठ्यात शेण तिथंच सुकतं, रोज पाटी उचलावी लागत नाही, पाणी मारून धुवायचं कामही गेलं. धुण्याचं पाणी गेलं म्हणजे मोरीतून वाहणारी घाणही गेली. जागा असेल त्यानं हाच गोठा करावा असं माझं मत झालं आहे. अनुदानाच्या यादीत गोठा असतो, तसं उकिरड्याचं छप्पर आणि मुताची टाकी त्याच कागदावर सक्तीची करावी, असं ग्रामसभेत मांडायचं ठरलं. अर्जावर सगळ्याजणींनी सह्या केल्या.

9 नोव्हेंबर
विहिरींचे नमुने पुन्हा घेतले, या वेळी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेतही पाठवले. आमच्या विहिरीचा आकडा अजून मर्यादेच्या वरच आहे. यंदा पाऊस फार झाला, सप्टेंबरमध्ये तर कहर झाला, त्यामुळे पाणी पातळ झालं असेल आणि खरा फरक पुढच्या उन्हाळ्यात कळेल. जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं एका छपरानं एका हंगामात निघत नाही. जिवाणूंची बाटली मात्र या वेळी काळी पडली नाही.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सगळ्या विहिरींचे आकडे लावले. काहींना राग आला, माझ्या विहिरीचं नाव कशाला म्हणून. लावलेले आकडे मी काढणार नाही. वस्तीवर राहणाऱ्या, गोठ्याजवळच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणी तपासून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर आजच घ्या, आणि तोवर त्याच्यासाठी पाणी दुसरीकडून आणा. पाणी उकळून जंतू मरतात. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्यानं ते उलट वाढतं.